‘पित्त झालंय’ म्हणजे नक्की काय? प्रकृती ओळखा, मग पित्त सांभाळा

पुण्यात ‘पित्त’ हा एकच शब्द निदान चार गोष्टींसाठी चालतो. छातीत जळजळतंय, आंबट ढेकर येताहेत: पित्त झालंय. अर्धं डोकं ठणकतंय आणि उलटी झाल्याशिवाय उतरत नाही: पित्त चढलंय. अंगावर लाल गांधी आल्यात: पित्त उठलंय. आणि चौथं म्हणजे ‘आमच्या घरात सगळ्यांचीच प्रकृती पित्ताची’. पहिल्या तीन तक्रारी आहेत. चौथी तक्रार नाहीच. प्रकृती जन्मासोबत येते आणि आयुष्यभर तीच राहते, तिच्यावर औषध नसतं. सांभाळायचं असतं ते आजचं बिघडलेलं पित्त, आयुर्वेदाच्या भाषेत विकृती. हे दोन वेगळे न केल्यामुळे बहुतेकांचे घरगुती उपाय फसतात.

वही घ्या, दोन रकाने आखा

डाव्या रकान्यावर लिहा ‘कायमचं’, उजव्यावर ‘गेल्या सहा महिन्यांतलं’. मग पुढच्या गोष्टी दोन्हीकडे भरा: बांधा, त्वचा, केस, भूक, तहान, घाम, शौच, झोप, ऊन सोसतं का, राग, बोलण्याची पद्धत. डावा रकाना एकट्याने भरू नका. आईला, मावशीला, मोठ्या भावंडांना विचारा, कारण दहाव्या वर्षी तुम्ही कसे होता ते त्यांना जास्त आठवतं.

पित्त प्रकृतीच्या माणसाचा डावा रकाना साधारण असा भरतो. बांधा मध्यम. हात-पाय कोमट, त्वचा मऊ, तीळ आणि लाल पुटकुळ्या जास्त. केस मऊ, विरळ, लवकर पिकणारे. भूक घड्याळासारखी: जेवण तासभर लांबलं की चिडचिड किंवा डोकं धरणं. घाम भरपूर आणि त्याला वास. शौच मऊ, कधी दिवसातून दोनदा. उन्हाशी वैर. राग पटकन येतो, पटकन जातो. वात प्रकृतीत सांधे आणि शिरा दिसणारा सडपातळ बांधा, कोरडी त्वचा, गार हात, आज भूक आहे उद्या नाही, खडा होणारं शौच, सावध झोप. कफ प्रकृतीत रुंद हाडापेराचा बांधा, दाट तुकतुकीत केस, उपास सहज झेपणं, गाढ झोप आणि एकूण कारभार संथ.

शास्त्रात प्रकृती सात सांगितल्या आहेत: वात, पित्त, कफ या एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि तिन्ही समान असलेली एक. प्रत्यक्षात दोन दोषांच्या मिश्र प्रकृतीचीच माणसं जास्त भेटतात. त्यामुळे ‘थोडं हेही, थोडं तेही’ असं उत्तर आलं तर चुकलं असं समजू नका.

चुका कुठे होतात? चाळिशीत केस पिकले यात काही विशेष नाही, बाविशीत पिकले असतील तर ते लिहा. तारुण्य ते मध्यम वय हा मुळातच पित्ताचा काळ. त्या वयात कोणीही थोडा पित्ताळ दिसतो, म्हणून बालपणाचं उत्तर महत्त्वाचं. मोबाइलवरच्या प्रश्नावल्या दहा-पंधरा प्रश्नांत निकाल देतात, पण माणूस त्यात आजची स्थितीच भरतो. आयुष मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये देशभर प्रकृती परीक्षणाची मोहीम सुरू केली. तिच्यातही अ‍ॅप होतं, पण परीक्षण वैद्य किंवा प्रशिक्षित कार्यकर्त्याच्या मदतीने करायचं होतं, ते याचसाठी.

आणखी एक चूक महागात पडते. सतत उकडणं, घाम, खूप भूक आणि तरी वजन उतरणं, छातीत धडधड: हे ‘वाढलेलं पित्त’ वाटतं, पण थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करत असली तरी चित्र हेच दिसतं. फार तहान आणि फार भूक मधुमेहातही लागते. उजव्या रकान्यात असं काही अचानक आलं असेल तर आधी रक्त तपासून घ्या, प्रकृतीचं नंतर बघू.

दोन्ही रकाने भरले की शेजारी ठेवून वाचा. जिथे उत्तर बदललंय, तेवढंच तुमचं काम.

जीभ बघा: साम की निराम

ही पायरी बहुतेक लेखांत नसते आणि नेमकं इथेच घोडं अडतं. सकाळी दात घासायच्या आधी आरशात जीभ बघा. पांढरट-पिवळट जाड थर, तोंडाला घाण वास, आंबट ढेकर, पोट जड, अन्नावर वासना नाही: हे साम पित्त, म्हणजे न पचलेल्या अन्नाच्या चिकट्यात अडकलेलं. जीभ स्वच्छ आणि लालसर, आग होतेय, तोंड कडवट किंवा तिखट, पण भूक मात्र कडकडून लागतेय: हे निराम.

साम पित्तावर थंड दूध किंवा तूप घेतलं की घटकाभर बरं वाटतं आणि संध्याकाळी पुन्हा तेच, वर पोट फुगलेलं. कारण साधं आहे. आधीचंच पचलेलं नाही, त्यात पचायला जड भर पडली. अशा वेळी एक रात्रीचं जेवण सोडा किंवा फक्त साळीच्या लाह्या खा. दोन मुठी लाह्या दोन वाट्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, गाळून, चिमूटभर सैंधव घातलेलं पाणीही चालतं. दुसऱ्या दिवशी मुगाच्या डाळीचं पातळ कढण आणि मऊ भात. दोन-तीन दिवसांत जीभ साफ होते. नाही झाली तर दूध-तुपाकडे वळूच नका, वैद्य गाठा. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी जेवण सोडायचं नाही. त्यांनी मऊ भात-कढणच घ्यावं.

निराम असेल तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी.

मूळ प्रकृती बघून उपाय

पित्तावर गोड, कडू आणि तुरट या चवी चालतात. आंबट, खारट, तिखट वाढवतात. हा झाला नियम. पण कडू आणि तुरट वाताला वाढवतात, गोड कफाला वाढवतं. म्हणून एकच जळजळ तीन माणसांत तीन तऱ्हांनी हाताळावी लागते.

हिंजवडीत दहा तास खुर्चीत बसणारा, मूळचा सडपातळ, कोरड्या त्वचेचा, चार कटिंगवर दिवस काढणारा माणूस घ्या. प्रकृती वाताची, आज बिघडलंय पित्त. याने यूट्यूब बघून सकाळी कारल्याचा रस आणि दुपारी नुसती काकडी सुरू केली की आठवड्यात जळजळ कमी होते, पण पोट साफ व्हायचं थांबतं आणि झोप उडते. त्याला हवं तूप, दूध, भिजवलेल्या काळ्या मनुका. कफाच्या, वजनदार माणसाला तेच तूप-दूध दिलं तर आळस आणि सर्दी. त्याला पडवळ, दुधी, कारल्याची भाजी, मूग आणि मोजकं जेवण. आणि जो मुळातच पित्ताचा, त्याला तूप चमचा-दोन चमचे, गोड फळं, कडू भाज्या आठवड्यातून तीनदा. या सगळ्यांपेक्षा जास्त गरज जेवणाची वेळ पाळण्याची.

दुधीचा रस घेणाऱ्यांसाठी एक सूचना: घोट कडू लागला तर थुंकून टाका, ग्लासभर पिऊन टाकू नका. कडू दुधीतलं विष गंभीर असतं, जीवही गेलेले आहेत. शिजवण्याआधीही दुधीचा तुकडा चाखून बघायची आजीची सवय उगाच नव्हती.

ताटात काय बदलायचं

सगळं एकदम बदलू नका. एका वेळी एक बदल, निदान दहा दिवस. नाहीतर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

पहिला बदल चहाचा. उठल्याउठल्या रिकाम्या पोटी नको. आधी काहीतरी पोटात जाऊ द्या: रात्री भिजवलेल्या दहा-बारा मनुका किंवा तूप लावलेली अर्धी पोळी. मग चहा, आलं न घालता, वेलची चालेल, पावडर टाकून कमी उकळलेला. दिवसात दोन कप पुरेत. कोमट पाण्यात लिंबू-मध घेण्याची फॅशन पित्ताच्या माणसासाठी नाही. ते कफाचं औषध, आणि मध गरम करायचा नसतोच.

न्याहारीला पोहे असतील तर मिरची अर्धी, दाणे कमी, लिंबू नको. मुगाचं धिरडं, नाचणीचं सत्त्व, राजगिऱ्याच्या लाह्या-दूध ही बरी. मिसळ? खायचीच तर भर दुपारी, जेवणाच्या जागी, तर्री न घेता. सकाळी आठला रिकाम्या पोटी तर्री आणि वर चहा म्हणजे स्वतःशीच भांडण.

दुपारचं जेवण बारा ते एक. पित्ताचा जोर दिवसाच्या मधल्या वेळी असतो, भूक तेव्हाच खरी असते. ती टाळून साडेतीनला डबा उघडणाऱ्यांनी इतर पथ्यं पाळूनही फारसा फरक पडत नाही. ज्वारीची भाकरी किंवा पोळी, मुगाचं वरण, वर चमचाभर तूप, दुधी-दोडका-पडवळ-घोसाळं यातली एक भाजी. आमटी चिंचेऐवजी आमसुलाची करा. चव पुणेरीच राहते आणि गूळ तसाही असतोच. दाण्याचं कूट आपण सवयीने सगळ्यात घालतो. काकडीच्या कोशिंबिरीत ते आणि दही दोन्ही वगळून ओलं खोबरं घाला.

दह्याबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘दही थंड’ हा समज फार पक्का आहे. हाताला गार लागणारं आणि गुणाने थंड, या वेगळ्या गोष्टी. दही आयुर्वेदात उष्ण आणि पचायला आंबट मानलं आहे. रात्री तर नकोच, उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरातही नको. ताक चालतं, पण ताजं, गोडसर, लोणी काढलेलं, चिमूटभर साखर घालून. कडक उन्हाळ्यात तेही बेताने. उलट आवळा आणि डाळिंब आंबट असूनही पित्त वाढवत नाहीत. हे दोन अपवाद लक्षात ठेवले की नियम पाळणं सोपं जातं. मोरावळा सकाळी एक चमचा घेता येतो, पण त्यात निम्मी साखर असते, हे मधुमेह्यांनी विसरू नये. गुलकंदाचंही तेच.

उपास

‘उपासाने पित्त होतं’ ही तक्रार संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यांत हमखास ऐकू येते. दोष उपासाचा कमी, फराळाचा जास्त. दिवसभर चार चहा, मध्ये काही नाही आणि मग साबुदाण्याची खिचडी: चिकट साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, वर लिंबू. चंद्रोदय रात्री साडेनऊ-दहाला, म्हणजे पूर्ण जेवण त्यानंतर आणि लगेच झोप. यापेक्षा सकाळी राजगिऱ्याचा लाडू, दुपारी तुपावर परतलेलं रताळं आणि काकडी, चारला कपभर दूध किंवा दोन केळी. दूध आणि केळं एकत्र मात्र नको: आपलं लाडकं शिकरण शास्त्रात विरुद्धाहारात बसतं, काय करणार! चंद्र बघून झाल्यावर मोदक एक-दोन आणि साधा वरणभात. खिचडी सोडवतच नसेल तर जिरं-तुपाची, बिनमिरचीची, पाव वाटी.

घरी करायची दोन पेयं

धण्याचं पाणी अनेकजण उकळून काढा करतात. पित्तासाठी ते हिम करायचं असतं, म्हणजे थंड भिजवण. १० ग्रॅम धणे (भरलेले दोन चमचे) खलबत्त्यात जाडसर कुटा, मिक्सरमध्ये पीठ करू नका. ६० मिली साध्या पाण्यात मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी चोळून गाळा, अर्धा चमचा खडीसाखर घालून लगेच प्या. प्रमाण एकास सहा, जास्त पाणी घातलं की नुसतं सुगंधी पाणी होतं. दुपारपर्यंत ठेवलेलं पिऊ नका, आंबतं.

आमसुलाचं पाणी: ४-५ आमसुलं कपभर पाण्यात दोन तास भिजवा, कुस्करून गाळा, पाव चमचा जिरेपूड आणि खडीसाखर घाला. बाटलीतलं सिरप म्हणजे बहुतेक साखर, आणि आगळ म्हणजे मीठ घातलेला रस. दोन्ही या कामाचे नाहीत. आमसुलं घेताना बघा: जांभळट काळी आणि किंचित मऊ हवीत. भिजवल्याबरोबर पाणी भडक लाल झालं तर रंगाचा संशय घ्या. गांधी उठल्यावर हेच पाणी, साखर न घालता, अंगाला लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे.

सब्जा घालायचा तर अर्धा चमचा, ग्लासभर पाण्यात अर्धा तास फुगवून. कोरडा कधी तोंडात टाकू नये, घशात फुगतो.

तळपायाला काशाची वाटी

तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानांत विचारा. वाटी काशाचीच हवी, पितळेची नव्हे. दोन्ही तळपायांना मिळून चमचाभर तूप किंवा खोबरेल लावा आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांकडे, मग गोल, प्रत्येक पायाला ५ ते ७ मिनिटं चोळा. जेवणानंतर निदान दोन तासांनी, झोपायच्या आधी. नंतर पाय कोमट पाण्याने पुसा, नाहीतर फरशीवर घसराल. तूप करडं-काळं होतं ते ‘अंगातली उष्णता निघाली’ म्हणून नव्हे. धातू आणि तेलकटपणा एकमेकांवर घासल्याने तो रंग येतो आणि निरोगी माणसाच्या पायावरही येतो. झोप चांगली लागते, डोळ्यांची आग कमी वाटते, एवढ्यावर समाधान मानावं. पायाला भेगा पडून रक्त येत असेल किंवा मधुमेहाने बधिरपणा असेल तर हे करू नका.

पुण्याचं वर्ष पित्ताच्या नजरेने

पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीकडे जातो म्हणून सगळे तेव्हाच सब्जा-कोकम शोधतात. पण शास्त्राच्या हिशेबाने पित्त साठतं पावसाळ्यात आणि उसळतं शरदात. जुलै-ऑगस्टमध्ये पचन मंद असतं आणि नेमकी तेव्हाच सिंहगडावरची कांदाभजी, मडक्यातलं दही, घाटात गरम चहा. मग पाऊस ओसरतो, आभाळ मोकळं होतं, ऊन टोचू लागतं आणि साठलेलं बाहेर येतं. यालाच आपण ऑक्टोबर हीट म्हणतो. त्यातच गणपतीची आणि नवरात्राची जागरणं. मध्यरात्र हीसुद्धा पित्ताची वेळ, म्हणून एक-दोनपर्यंत जागलं की सकाळी डोळे जळतात.

तेव्हा पथ्य खरं तर ऑगस्टमध्ये सुरू करायचं: तळलेलं आठवड्यातून एकदा, दही बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत. वेताळ टेकडीवर जायचं तर सातच्या आधी. व्यायाम कपाळावर घाम येईपर्यंत, धाप लागेपर्यंत नाही. कोजागरीचं दूध पित्ताच्या माणसाने जरूर प्यावं, फक्त आटवलेलं, सुक्यामेव्याने घट्ट झालेलं नको, साधं, वेलची-साखरेचं. डिसेंबर-जानेवारीत पित्त आपोआप बसतं, बाजरी आणि तीळही पचतात. तेव्हा थंड पेयं चालू ठेवणारे लोक सर्दी ओढवून घेतात.

औषधाच्या दुकानातली घाई

अविपत्तिकर चूर्ण लोक ‘अ‍ॅसिडिटीची पावडर’ म्हणून रोज घेतात. त्यात निशोत्तर बऱ्याच प्रमाणात असतं आणि ते रेचक आहे. पोट सैल होतं ते त्यामुळे. वात प्रकृतीच्या माणसाला ते लवकर शिणवतं. सूतशेखर हा तर रसकल्प, त्यात शुद्ध केलेला पारा, गंधक आणि बचनाग असतात. शेजाऱ्याला लागू पडला म्हणून महिनोन्‌महिने घ्यायची ती गोष्ट नाही. सकाळी मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून ‘पित्त पाडणं’ही सोडा. आम्लाने दात झिजतात, अन्ननलिका सोलवटते. वमन हा वैद्याच्या देखरेखीखालचा उपचार आहे आणि तोही मुख्यतः कफाचा. पित्तासाठी विरेचन, म्हणजे औषधाने पोट साफ करणं, तेही तपासून.

काही वेळा प्रकृती, चव, ऋतू हे सगळं बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा असतो. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम: ‘पित्तच असेल’ म्हणत सोडा पिऊन वाट बघू नका, १०८ ला फोन करा. काळं डांबरासारखं शौच, उलटीत रक्त, घास अडकणं, कारणाशिवाय वजन उतरणं. गांधी उठल्यावर ओठ-जीभ सुजणं किंवा श्वास कोंडणं. आणि दुखण्याच्या गोळ्या रोज घेत असाल तर जळजळीचं कारण तिथेच असू शकतं, डॉक्टरांना आधी ते सांगा.

एवढं करून तीन आठवड्यांत उजवा रकाना बदलला नाही तर वैद्यांकडे जा. रास्ता पेठेतलं शेठ ताराचंद रुग्णालय किंवा सदाशिव पेठेतलं अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय, इथे बाह्यरुग्ण विभाग आहेत. जाताना ती दोन रकान्यांची वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि रक्ताचे जुने अहवाल न्या. सकाळी गेलात तर जीभ घासून जाऊ नका.